प्रेमाने आजार बरा करू नका : बारावीच्या वयातल्या वाचकांसाठी कादंबरी लिहिताना

मानसिक आजार आणि पहिलं प्रेम या दोन गोष्टी एकत्र घेऊन कुमारवयीन वाचकांसाठी लिहायला बसलं, की एक ठरलेलं कथानक आपोआप समोर येतं. मुलगी आजारी, मुलगा समजूतदार, त्याच्या प्रेमाने ती हळूहळू बरी होते. हे कथानक सुरुवातीलाच बाजूला ठेवा. दहा ते एकोणीस वयोगटातल्या साधारण सातातल्या एकाला मानसिक आजार असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तुमचं पुस्तक एखाद्या वर्गात फिरलं तर ते आजार असलेल्या मुलांच्या हातात जाणारच. त्यातली एखादी डॉक्टरकडे जायचं सोडून तसा मुलगा भेटायची वाट बघेल. आणि जो मुलगा अशा मैत्रिणीला जिवापाड जपतोय, त्याला वाटेल की ती बरी होत नाही म्हणजे आपलंच काहीतरी कमी पडतंय.

कथा म्हणूनही ते कथानक कच्चं आहे. प्रेम खऱ्या आयुष्यात बहुतेक वेळा आजाराच्या कामाला जुंपलं जातं आणि मग तिथून सुटायला धडपडतं. सगळं नाट्य या धडपडीत आहे. पुढचा सगळा आराखडा एकाच उदाहरणावर उभा केला आहे, म्हणजे प्रत्येक पायरी कागदावर कशी दिसते ते कळेल.

एक आजार, त्याचं एक रूप

'डिप्रेशन आणि अँग्झायटी असलेली मुलगी' एवढ्यावर पात्र उभं राहत नाही. एक निदान घ्या आणि त्यातलंही एक रूप घ्या. आपलं उदाहरण ओसीडीचं, म्हणजे मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात त्याचं. जुई, वय सतरा, बारावी सायन्स, पुण्याच्या शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत आई, बाबा आणि आजीसोबत राहणारी.

ओसीडी घेण्याचं कारण असं, की पुण्यातल्या एखाद्या घरात तो वर्षभर सगळ्यांसमोर राहूनही कुणाच्या लक्षात येत नाही. आजीचं सोवळं-ओवळं घरात असतंच. नात देवाला शिवण्याआधी हात धुते, अथर्वशीर्ष म्हणते, याचं कौतुकच होतं. जुईच्या डोक्यात काय चाललंय ते वेगळं आहे. आरतीच्या वेळी तिच्या मनात एक घाणेरडा, देवाबद्दलचा अपमानकारक विचार येतो. तो तिला नको असतो, म्हणूनच तो पुन्हापुन्हा येतो. तो पुसून टाकायला ती अथर्वशीर्ष पहिल्यापासून म्हणते. मध्ये पुन्हा विचार आला की परत पहिल्यापासून. एकवीस आवर्तनं पूर्ण व्हायला दोन-दोन तास जातात आणि आजी शेजारच्या काकूंना सांगते, 'आमची जुई या वयात किती श्रद्धाळू आहे बघा.'

आजाराच्या या दोन बाजू पानावर स्वतंत्र दिसल्या पाहिजेत : नको असताना येणारा विचार, आणि त्याची भीती घालवायला केलेली कृती. फक्त कृती दाखवली, तर वाचकाला वाटतं हे टापटिपीचं वेड आहे. ओसीडीवरच्या लिखाणात सगळ्यात जास्त वेळा घडणारी चूक हीच. निदानासाठी साधारणपणे हा प्रकार दिवसाचा तासाहून जास्त वेळ खाणारा, किंवा अभ्यास, झोप, माणसं यांच्यात ठळक अडथळा आणणारा असावा लागतो. तेव्हा वेळ मोजा.

दुसरा आजार निवडलात तरी तपशील तितकाच नेमका लागेल. नैराश्यात कुमारवयीन मुलं रडण्यापेक्षा चिडचिडी दिसू शकतात, पोटदुखी-डोकेदुखीची तक्रार करतात, आणि निदानासाठी लक्षणं किमान दोन आठवडे जवळजवळ रोज असावी लागतात. बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य या दोन्हींचे झटके येणारा आजार, घेतलात आणि पात्र ढोल-ताशा पथकात असेल तर विषय फार समृद्ध आहे. गणपतीआधीचा रात्री उशिरापर्यंतचा सराव, झोपेचं खोबरं आणि त्यातून चढणारा उन्माद पथकाच्या उत्साहात खपून जातो. तो मुलगा लिथियम या बायपोलरवरच्या औषधावर असेल तर घामाने शरीरातलं पाणी कमी होणं आणि खांदेदुखीवर परस्पर घेतलेली आयब्युप्रोफेन या दोन्हींनी रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हाताला कंप, उलट्या, तोल जाणं अशी लक्षणं मिरवणुकीत दिसली, तर सोबतच्यांना तो नुसता दमलाय असं वाटेल. पण त्यावर स्वतंत्र कादंबरी लिहा, जुईच्या गोष्टीत ते घुसडू नका.

वही आणि वर्षाचं कॅलेंडर

लेखनाआधी एक वही करा. प्रत्येक प्रकरणासाठी एक ओळ आणि पाच रकाने : तारीख, दिवसातले किती तास कृतींत गेले, कोणती नवी गोष्ट ती टाळू लागली, कुणाला काय कळलं, तन्मयने, म्हणजे जुईचं ज्याच्यावर प्रेम आहे त्या मुलाने, आजारासाठी काय केलं. शेवटचा रकाना सोडू नका, प्रेमकथा त्यातच लिहिली जाते.

बारावीचं वर्ष मोठा आधार देतं, कारण त्याच्या तारखा वाचकाला पाठ असतात. जूनमध्ये रोज एक तास. भाद्रपदात गणपती, तेव्हा तीन. दिवाळीच्या सुट्टीत चार, कारण घरी असल्यावर अडवणारं कुणी नाही. नोव्हेंबरात डॉक्टर. जानेवारीत प्रिलिम. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, तेव्हा तासावर आलेला आजार पुन्हा दोनवर. मे-जूनमध्ये एकाच्या खाली. हा आलेख वर-खाली व्हायला हवा. सरळ उतरणारी रेघ सहसा कुठल्याच रुग्णाची नसते.

लांबी ४५ ते ५० हजार शब्द, प्रकरणं तीसच्या आसपास. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात वाचकाला काहीतरी बिघडलंय हे कळावं, घरच्यांना दहाव्यानंतर, आणि आजाराचं निदान तेराव्याच्या आसपास व्हावं. निदान शेवटाकडे ढकललंत तर उपचारांना जागा उरत नाही, आणि उपचार हाच अशा कादंबऱ्यांतला सगळ्यात कमी लिहिला गेलेला भाग आहे.

गणपतीतला एक प्रसंग मात्र भरपूर जागा देऊन लिहा. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात. आजी जुईला हौसेने घेऊन जाते. घरी ती चुकली की पहिल्यापासून सुरू करू शकते, इथे समूहाचा आवाज तिच्यासाठी थांबत नाही. तिसऱ्या आवर्तनात तो विचार येतो, ती मनातल्या मनात मागे जाते, ओठ पुढचं म्हणतायत, डोकं मागचं मोजतंय. शेजारच्या बाईचा पदर हाताला लागतो, तोही हिशोबात धरावा लागतो. आजारावर एकही वाक्य न लिहिता आजार काय असतो, हे इथे कळतं. 'तिला गुदमरल्यासारखं झालं' असलं काही लिहू नका. मोजणीच लिहा.

प्रेम कुठे घडतं

सतरा वर्षांच्या मुलांना पुण्यात एकांत मिळत नाही, ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे. क्लासच्या दोन बॅचमधला अर्धा तास, अभ्यासिकेच्या पायऱ्या, पीएमपीच्या बसमधली शेजारची सीट, टेकडीवरची संध्याकाळ, अमृततुल्यातला चहा. झेड ब्रिजवर गाड्या लावून बसलेल्या जोड्यांत त्यांना बसवायचं असेल तर गाडी कुणाची ते ठरवा. अठरा पूर्ण झाल्याशिवाय अॅक्टिव्हाचं लायसन्स मिळत नाही, आणि पुण्यातला वाचक हे पहिल्याच वाचनात पकडतो. चालत आले तर आणखी बरं, बोलायला वेळ मिळतो.

तन्मय धनकवडीचा. त्याला स्वतःचं काहीतरी द्या : घरची अडचण, नापास व्हायची भीती, फिरोदिया करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत काम करायची इच्छा. ज्या मुलाला जुईची काळजी सोडून दुसरं काही नाही, तो माणूस वाटत नाही, परिचारक वाटतो.

आता खुद्द प्रसंग. पहिल्या खर्ड्यात साधारण असं उतरतं :

'तन्मयने तिचा हात हातात घेतला आणि जुईला वाटलं, आता कशाचीच भीती नाही. कितीतरी दिवसांनी तिचं मन शांत झालं.'

यात आजार नाही, तन्मय नाही, पुणेही नाही. हाच प्रसंग असा लिहून बघा :

'बस सिग्नलला थांबली. तन्मयने खिशातून घडी घातलेला रुमाल काढला आणि दांड्याभोवती गुंडाळला.
"धर. धुतलेला आहे."
"कधी धुतलास?"
"काल."
"काल संध्याकाळी की रात्री?"
तो हसला. "रात्री."
तिने दांडा धरला. डेक्कन येईपर्यंत तिने आणखी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी तो "रात्री" म्हणाला, पण खिडकीबाहेर बघत.'

इथे प्रेम खरं आहे आणि रुमाल हा आजाराचा खुराकही आहे. मानसोपचारात याला घरच्यांनी आजाराशी जुळवून घेणं म्हणतात. रुग्णाची भीती तात्पुरती कमी व्हावी म्हणून जवळची माणसं त्याच्या कृतींत सामील होतात, पुन्हापुन्हा खात्री देतात, नियम पाळतात. भीती दहा मिनिटं कमी होते, पण मेंदू शिकतो की रुमाल होता म्हणून वाचलो. पुढच्या वेळी रुमाल लागतोच. सहाव्या प्रकरणात वाचकाला हा रुमाल गोड वाटू द्या. बाराव्यापर्यंत तन्मयच्या दप्तरात चार रुमाल असावेत, तो तिला भेटण्याआधी कपडे बदलत असावा, आणि आजोबांना दवाखान्यात बघून आल्याचं तिच्यापासून लपवत असावा. त्याची आई विचारते, 'काय रे, रोज एवढे रुमाल कुठून येतात धुवायला?' या एका वाक्यात त्याचं घरही कथेत येतं.

दोघंही अठराच्या आतले आहेत. पॉक्सो कायदा २०१२ नुसार अठराखालच्या मुलांची संमती ग्राह्य धरली जात नाही, आणि लैंगिक गुन्हा कळल्यास तो पोलिसांना कळवणं समुपदेशकालाही बंधनकारक आहे. या कादंबरीला शारीरिक प्रसंगांची गरज नाही. हात धरणं हीच इथे केवढी मोठी गोष्ट आहे, आणि ती तशीच मोठी राहू द्या.

डॉक्टरपर्यंतचा रस्ता

जुईसारखी मुलगी सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. आधी हातांची साल निघते, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे. ते मलम देतात आणि विचारतात, 'दिवसातून किती वेळा हात धुतेस?' ती खोटं सांगते. मग आजी नजर काढते. मग क्लासमधून फोन येतो, की पेपर अर्धा कोरा आहे, एकच ओळ चार-चार वेळा खोडून लिहिली आहे. पुण्यात 'येरवड्याला टाकायला हवं हिला' हे वाक्य, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, चिडवताना सर्रास म्हटलं जातं. एखाद्या मावशीच्या तोंडी ते एकदाच येऊ द्या. जुईने ते ऐकलंय हे मात्र दाखवा.

आईला खलनायिका करू नका. तीही रात्री अकरा वाजता, 'हो गं, धुतलेस तू हात, मी बघितलं' असं सतराव्यांदा सांगून दमलेली आहे.

ओपीडी सरकारी की खाजगी ते ठरवून प्रत्यक्ष जाऊन या. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. केसपेपरची रांग, बाक, नाव पुकारण्याची पद्धत हे बघून लिहा. रुग्णांशी बोलू नका, फोटो काढू नका. खाजगी दवाखाना दाखवत असाल तर फी फोन करून विचारा, अंदाजाने आकडा टाकू नका. मानसोपचारतज्ज्ञ औषधं लिहून देतो, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ थेरपी करतो, आणि शाळा-कॉलेजचा समुपदेशक हे दोन्ही नसू शकतो. ही तीन माणसं एकात मिसळली की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे अठराखालच्या रुग्णाच्या बाबतीत पालक हे नामनिर्देशित प्रतिनिधी असतात. त्यामुळे जुई एकटी जाऊन उपचार सुरू करते, हे दाखवू नका. मॅडम, म्हणजे जुईची थेरपी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ, पहिल्याच भेटीत गुप्ततेची मर्यादा सांगतील : तू सांगशील ते तुझ्या-माझ्यात राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर आईबाबांना सांगावं लागेल. तन्मयबद्दल बोलावं की नाही, हा जुईचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

उपचारांची प्रकरणं

इथे लेखक हमखास घसरतात. डॉक्टर पानभर शहाणपण सांगतात, जुई रडते, मोकळी होते. ओसीडीचा मुख्य मानसोपचार असा चालतच नाही. तो भीतीला सामोरं जाऊन कृती न करण्याचा सराव आहे. साधारण १२ ते २० सत्रं, प्रत्येक तास-दीड तासाचं, आणि घरी रोजचा गृहपाठ. कथेला हे फार सोयीचं आहे, कारण इथे पात्राला काहीतरी करावं लागतं.

मॅडम आणि जुई मिळून शिडी तयार करतात, शून्य ते शंभर भीतीच्या अंकांची. ती कादंबरीत पूर्ण छापा :

२० : अथर्वशीर्ष म्हणताना एक शब्द अडखळला तरी मागे न जाणं.
३५ : बसचा दांडा धरून अर्धा तास हात न धुणं.
५० : अमृततुल्यात ग्लास न पुसता चहा पिणं.
६० : तन्मयचा हात धरणं आणि त्याने आधी कशाला हात लावला ते न विचारणं.
७५ : तो विचार मनात असताना देवासमोर उभं राहणं आणि एकदाच नमस्कार करून निघणं.
९० : 'काही होणार नाही ना?' हे कुणालाही न विचारता पेपरला जाणं.

साठच्या पायरीवर प्रेमकथा आणि उपचार एकाच वाक्यात येतात. चहाच्या आधी हात धरायचा की नंतर, हा इथला खरा सस्पेन्स आहे.

श्रद्धेचा भाग जपून हाताळा. चांगला थेरपिस्ट मुलीला देवाचा अपमान करायला लावत नाही. तो विचारतो, 'घरातले बाकीचे अथर्वशीर्ष किती वेळा म्हणतात?' उत्तर येतं, एकदा. मग उद्दिष्टही एकदाच. आजीला त्या सत्राला बोलवा. 'चुकलं तरी देव रागावत नसतो गं, मी गेली पन्नास वर्षं एक ओळ चुकीचीच म्हणतेय' असं आजी म्हणाली तर ते तिचं मोठेपण आहे. पण त्याने जुई बरी होता कामा नये, कारण दुसऱ्या दिवशी ती आजीला तेच परत विचारेल : 'खरंच रागावत नाही ना?' आणि मॅडम आजीला सांगतील, आता उत्तर देऊ नका.

तन्मयलाही हेच शिकावं लागतं. जुईच्या संमतीने ठरलेलं एक वाक्य त्याला द्या : 'हे तू विचारत नाहीयेस, आजार विचारतोय. मी उत्तर देणार नाही, पण मी इथेच आहे.' पहिल्यांदा हे म्हणताना तो अडखळेल, ती चिडेल, दोन दिवस मेसेजला उत्तर देणार नाही. रुमाल न देणं हे रुमाल देण्यापेक्षा अवघड आहे. कादंबरीतला सगळ्यात मोठा प्रेमप्रसंग हाच, त्याला किमान एक अख्खं प्रकरण द्या.

औषधांबद्दल थोडक्यात. ओसीडीत एसएसआरआय गटातली औषधं वापरतात आणि पुरेसा परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता, झोपेत बदल होऊ शकतो. तरुण रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना आत्मघाती विचारांवर लक्ष ठेवायला डॉक्टर घरच्यांना सांगतात. बरं वाटतंय म्हणून परीक्षेआधी गोळ्या अचानक बंद करणं ही खरी घडणारी गोष्ट आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये आजार उलटण्याला ती कारण म्हणून चालेल. औषधाचं नाव एकदा आलं तर हरकत नाही, पण मिलीग्रॅम छापू नका. वाचणारी मुलं आपल्या गोळ्यांशी ते ताडून बघतात.

आत्महत्येचा विषय आला तर

तो आणलाच पाहिजे असं नाही. ब्रेकअप आणि मग आत्महत्येचा प्रयत्न हा जोड तर मुळीच नको, कारण त्यातून एकच कारण एवढ्या मोठ्या गोष्टीला पुरतं असं शिकवलं जातं. १७७४ साली जर्मन लेखक गटेची वेर्थरची कथा आल्यानंतर तिच्यातल्या नायकाच्या आत्महत्येचं अनुकरण झाल्याची चर्चा युरोपात झाली, काही ठिकाणी तिच्यावर बंदीही आली, आणि पुढे अशा अनुकरणाला वेर्थरचंच नाव मिळालं. म्हणून पद्धत, जागा, चिठ्ठीचा मजकूर यातलं काहीही लिहू नका. गेल्यावर सगळ्यांना किंमत कळली, असा प्रसंग लिहू नका. विचार आला, कुणाला तरी सांगितला, पुढे काय झालं, हे मात्र तपशिलात लिहा. जुई कुणाला सांगते, कोणत्या शब्दांत, समोरचा आधी काय चुकीचं बोलतो, मग काय करतो. अडचणीतल्या माणसाने मार्ग काढल्याची गोष्ट वाचकाला मदत करू शकते.

शेवट

जुई शेवटी बरी झालेली नको आणि तुटलेलीही नको. दिवसातले तास एकाच्या खाली आलेत, विचार अधूनमधून येतो, आणि ती त्याला येऊ देते. तन्मयसोबत ती राहते की नाही, हे आजारावरून ठरू नये. तो इंजिनिअरिंगला दुसऱ्या गावी जातोय, म्हणून नातं सैल होत असेल तर तसं लिहा. सतराव्या वर्षीचं प्रेम संपण्याची कारणं साधी असू शकतात.

वाचून घेणं

खर्डा तयार झाला की तीन प्रकारच्या लोकांना द्या. एक मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, त्यांना सगळी कादंबरी न देता उपचारांची प्रकरणं द्या आणि मानधन विचारा. ओसीडी अनुभवलेले दोन सज्ञान वाचक, त्यांनाही मानधन. आणि पालकांच्या परवानगीने तीन-चार अकरावी-बारावीची मुलं. 'कशी वाटली?' असं विचारलंत तर सगळे 'छान' म्हणतील. विचारा : कोणत्या पानावर वाचणं थांबवलंत? जुई कुठे खोटी वाटली? तन्मयचा राग कुठे आला? तिला काय सांगावंसं वाटलं? मुलांनी 'आमच्या ग्रुपमध्ये असं कुणी बोलत नाही' म्हणून खूण केलेलं प्रत्येक वाक्य बदला, वाद घालू नका.

मुखपृष्ठावर केसांनी चेहरा झाकलेली, खिडकीशी बसलेली मुलगी चित्रकार हमखास सुचवतो. त्याला घडी घातलेला रुमाल आणि बसचा दांडा द्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावर विषयाची साध्या शब्दांत सूचना आणि शेवटच्या पानावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. ही सरकारी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीतही मिळते. त्यासोबत मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ टाका. प्रत्येक आवृत्ती छापायला जाण्याआधी हे दोन्ही क्रमांक स्वतः फिरवून खात्री करा.